रेघेची मागची कड

बिटर वेल, टेक्सस
३ सप्टेंबर २०२४

कर्बी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फोडशील की तसंच चुलीत घालशील, मला ठाऊक नाही. पत्ता तुझ्या आईच्या ख्रिसमसच्या वहीतून घेतला. तिने तुझे सहा पत्ते खोडून सातवा, मेन राज्यातला, लिहिलाय. पाच वर्षांत तू पुन्हा घर बदललं नसशील असं धरून चाललोय.

कामाचं बोलतो. आपली शाळा हे वर्ष संपलं की बंद होतेय. मुलंच उरली नाहीत. यंदा संघात सोळाजण आहेत आणि त्यातला एक डोळ्यांवर चष्मा पट्ट्याने बांधून खेळतो. पुढच्या ऑगस्टपासून आपल्या गावची पोरं बसने हॅस्किन्सला शिकायला जाणार. हो, हॅस्किन्सलाच. मलाही दोनदा विचारून खात्री करून घ्यावी लागली.

तर योगायोग असा की शाळेच्या फुटबॉलला यंदाच शंभर वर्षं होतात. मग गावकऱ्यांना सुचलं की मैदानाच्या फाटकाशी एक ग्रॅनाइटचा दगड बसवावा आणि शंभर वर्षांतला सर्वांत भारी संघ कुठला, त्याचं नाव त्यावर कोरावं. समिती नेमली. समितीने शंभरातून दोन वर्षं निवडली, ती तुला सांगायला नकोत. अडुसष्टचे आम्ही आणि चौऱ्याण्णवचे तुम्ही. दोन्हींची तुलना करून चार पानं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी अडुसष्टला खेळलो आणि पुढे एक्केचाळीस वर्षं मैदानाच्या कडेला मोजणीची साखळी धरून उभा राहिलो, म्हणून. बाकी ज्यांनी दोन्ही संघ पाहिले ते एकतर पुरलेत किंवा त्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही.

आता तुलना म्हणशील तर ऐक. आम्ही एकोणीस होतो. सगळ्यांत जड पोरगा एकशे शहाण्णव पौंडांचा. हल्ला करायचा तेव्हाही तेच अकरा आणि अडवायचं तेव्हाही तेच अकरा. सरावात पाणी मागितलं तर कोच म्हणायचे, पाणी म्हशींना पाजतात, आणि हातावर मिठाची गोळी ठेवायचे. चेंडू काखेत मारून धावायचं एवढंच ठाऊक; सबंध मोसमात आम्ही तो अकरा वेळा फेकला, त्यातले तीन चुकून. बारा सामने, बारा विजय. तुम्ही एक्केचाळीसजण होतात. वजनं उचलायला वेगळी खोली, दर रविवारी कोचबरोबर बसून टेपवर सामना बघायचा, पायात असे बूट की मी लग्नात घातले नव्हते. अकरा विजय आणि एक हार.

मला एक आकडा हवाय. त्या मोसमात तू चेंडू घेऊन एकूण किती यार्ड पळालास? वर्तमानपत्रात १८४२ आहे आणि शाळेच्या वहीत १८३९. तीन यार्डांचा फरक आहे. खरा कुठला?

शेवटचा सामना आठ नोव्हेंबरला, शुक्रवारी. जुन्या संघांना नावं पुकारून मैदानावर बोलावणार आहेत. येणार असशील तर कळव. तुझी खोली रिकामीच असते.

तुझा बाप,
वेल्डन टॅकेट


बिटर वेल
१९ सप्टेंबर

कर्बी,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही टपालपेटीकडे फार बघत नाही, दिवसातून दोनदाच.

इकडे कॅफेत सकाळचं सगळं बोलणं याच विषयावर चालतं. डॉनी रे आठवतो ना? आमच्या संघात चेंडू फेकणारा, म्हणजे न फेकणारा. आता त्याचं गुरांच्या खाद्याचं दुकान पोरगा सांभाळतो आणि हा आमच्या टेबलावर बसून अंडी खातो. पोट एवढं सुटलंय की खुर्ची मागे सारून बसतो. त्याचं म्हणणं असं की आमचा संघ आणि तुमचा संघ समोरासमोर आला असता तर आम्ही तुम्हाला चौदा गुणांनी हरवलं असतं. कोणी तरी म्हणालं, डॉनी रे, त्यांची आघाडीची पोरं सरासरी दोनशे चाळीस पौंडांची होती, तुमची एकशे ऐंशीची. तर म्हणतो, "वजन काय करायचंय? माझं आता दोनशे नव्वद आहे. मला कोण संघात घेतंय?" सगळे हसले. मीही हसलो.

एक गोष्ट मात्र तो कधी सांगत नाही, मीही आजवर सांगितली नाही, आणि चार पानांत लिहावी की नाही या विचारात आहे. आमच्या वेळी आपल्याएवढ्या लहान शाळांची स्पर्धा विभागापुरतीच असे. विभाग जिंकला की संपलं. पुढे राज्याकडे जायची वाटच नव्हती. तेव्हा आम्ही अजिंक्य राहिलो यात थोडा भाग असाही आहे की आम्हाला हरवू शकेल अशा कोणाशी गाठच पडली नाही. तुम्हाला मात्र पुढे वाट होती.

हे वाचताना तुझी मुलगी शेजारी असेल तर तिला यातलं काही कळणार नाही. हॅटी आता अकराची असेल ना? मी तिला फोटोतच पाहिलंय. तिला असं सांग. चेंडू आपल्याकडे आला की चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलो तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही गेलो तर चेंडू त्यांना. दहा यार्ड झाले की नाही ते मोजायला मैदानाच्या कडेला दोन काठ्या असतात आणि मध्ये दहा यार्डांची साखळी. ती साखळी धरायचं काम तुझ्या आजोबाचं. काठ्या धरायला दोघं पोरगे आणि चिमट्याचा मालक मी.

चिमटा तुला आठवतोच. तू सात वर्षांचा असताना आपण मागच्या अंगणात फक्कीने रेघा मारल्या होत्या. साखळी नव्हती म्हणून तुझ्या आईची कपडे वाळत घालायची दोरी घेतली आणि तिने आपल्याला दोघांनाही झाडलं होतं. मी तुला दाखवलं की मैदानावर दर पाच यार्डांना फक्कीची रेघ असते, साखळी जिथे त्या रेघेवरून जाते तिथे चिमटा लावायचा. मग मोजणी लागली की पंच चिमटा धरून साखळी आत नेतो आणि चिमटा त्याच रेघेवर टेकवतो. तू विचारलंस, रेघ तर चार बोटं जाड आहे, चिमटा तिच्या कुठल्या कडेला लावायचा? सात वर्षांच्या पोराने विचारायचा प्रश्न आहे का हा. मला इतका अभिमान वाटला होता. मी म्हणालो, मागच्या कडेला. कायम मागच्या. म्हणजे कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर एकच.

बाकी, तुझ्यामागे गावाने ते जे 'चार बोटं' लावून दिलं, त्याचा विषय काढत नाही. ते डॉनी रे बोलला होता. त्याच्या जिभेला हाड नाही, तुला माहीत आहे.

आईने शेवटच्या आजारात पाठवलेलं कार्ड तुला मिळालं असेलच.

वेल्डन


६ ऑक्टोबर

कर्बी,

तुमच्या वेळचा बेनी सिल्वा, त्याची थोरली बहीण ओफेलिया आता आपल्या शाळेचं ग्रंथालय बघते. समितीची चिटणीस तीच. बाई बोलते थोडं, पण जे बोलते ते घरी घेऊन जावं लागतं. मी तिला माझं पहिलं पान वाचून दाखवलं. त्यात मी लिहिलं होतं, 'अडुसष्टच्या संघात गावची सगळी पोरं खांद्याला खांदा लावून उभी होती.' तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मिस्टर टॅकेट, सगळी म्हणजे कोण? माझा काका पर्फेक्तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. तुमच्यातल्या कुणाहीपेक्षा जोरात पळायचा. तो कुठे होता?"

मला माहीत होतं कुठे होता. आम्ही सराव करायचो त्या मैदानाच्या कुंपणापलीकडे कापूस वेचत होता. कोणी त्याला मनाई केली नव्हती. मेक्सिकन पोरांना कोणी बोलावलंही नव्हतं. मी ती ओळ खोडली. त्यामुळे तुलना आणखी अवघड झाली, कारण तुमच्या संघात चेंडू तिचाच भाऊ फेकत होता आणि आमच्यात डॉनी रे.

मग तिने मला तुमची टेप दाखवली. शाळेच्या माळ्यावर खोक्यात होती, हॅस्किन्सविरुद्धची. मी ती तीस वर्षांत पाहिली नव्हती. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत खुर्च्या लावून आम्ही दोघं बसलो. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर पोरांचा दंगा चालू होता. टेपवर मैदान हिरवं न दिसता निळसर दिसतं आणि माणसं मुंग्यांसारखी दिसतात, तरी तुझी चाल मी पहिल्या मिनिटाला ओळखली.

शेवट तुला सांगायला नको. सतरा विरुद्ध वीस, आपण मागे. एक मिनिट नऊ सेकंद शिल्लक. चौथा प्रयत्न, दोन यार्ड हवेत. पुढच्या फेरीचा सामना, पण तो कुठे खेळायचा याचा टॉस आपण जिंकल्यामुळे आपल्याच मैदानावर, म्हणून साखळी माझ्या हातात. बेनीने चेंडू तुझ्या पोटात दिला आणि तू त्या ढिगाऱ्यात डोकं घातलंस. पंचाने मोजणी मागितली. साखळी आत आली. पंच चिमटा घेऊन रेघेशी वाकला, मग मान वर करून त्याने माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. काठी ताणली. चेंडूचं नाक काठीच्या तीन बोटं मागे राहिलं. त्याने दोन्ही हात वर करून दाखवलं, एवढं कमी. हॅस्किन्सचा बँड वाजायला लागला.

ओफेलियाने टेप थांबवली. म्हणाली, "पंचाने तुम्हाला काय विचारलं?"

मी म्हणालो, आठवत नाही.

तिने टेप काढून खोक्यात ठेवली आणि म्हणाली की पानं महिनाअखेर द्या.

आठवत नाही असं नाही. पंच सगळे तेच विचारतात. 'कुठली कड?' आणि मी म्हणालो, 'पुढची.'

वेल्डन


२० ऑक्टोबर

कर्बी,

गेल्या पत्रात तेवढंच लिहून पाकीट बंद केलं. वाटलं होतं की तेवढ्याने छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. आज रविवार आहे, चर्चला गेलो नाही, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय आणि उठणार नाही असं ठरवलंय.

चिमटा मी मागच्या कडेला लावला होता. नेहमीसारखा. पंचाला मी पुढची सांगितली, त्याने पुढच्या कडेला टेकवला, आणि सगळी साखळी रेघेच्या जाडीएवढी पुढे गेली. चार बोटं. तू तीन बोटांनी कमी पडलास. म्हणजे तू पोचला होतास, बाळ. एका बोटाने, पण पोचला होतास.

तोंडातून 'पुढची' का निघालं ते मी तीस वर्षं शोधतोय. काही दिवस मी स्वतःला सांगत होतो की तू माझा मुलगा होतास, टॅकेटने पोराला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून मी जरा जास्तच ताठ उभा होतो आणि घाबरून जीभ घसरली. असेलही. शपथेवर सांगता येत नाही. पण पुढचं मात्र शपथेवर सांगतो. पंचाने हात वर केले, मी चिमटा हातात घेतला, आणि त्याच क्षणी मला कळलं की मी चुकीचं सांगितलंय. घड्याळ थांबलेलं होतं. पंच चार पावलांवर उभा होता. हाक मारली असती तर त्याने पुन्हा मोजलं असतं. आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? तू आला नाहीस. गुडघ्यांवर बसून तू माझ्याचकडे बघत होतास, तरी तू आला नाहीस. मनात आलं, आता अडुसष्ट एकटंच राहणार.

असा बाप आहे तुझा.

ते 'चार बोटं'सुद्धा डॉनी रे बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅफेत सगळे माना खाली घालून बसले होते, कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि मी म्हणालो, "आमच्या वेळी असती तर ती चार बोटं आम्ही दातांनी ओढली असती." मी चार म्हणालो. पंचाने तीन दाखवली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही. दुपारपर्यंत ते गावभर झालं. पेट्रोलपंपावर पोरं तुला चार बोटं वर करून दाखवायची, तू मान वळवून निघून जायचास. प्रत्येक सामन्याला शेवटचा, म्हणजे चौथा डाव सुरू होताना आपलं सगळं गाव चार बोटं वर करतं, ती रीत तुझ्याही आधीची. पण पुढल्या वर्षी तू सामन्याला आला नाहीस त्याचं कारण मला माहीत होतं. तुझी आई म्हणायची, पोरगा फार मनाला लावून घेतो. मी मूग गिळून बसायचो.

आणि आता त्या शनिवारची गोष्ट, सामन्याच्या दुसऱ्या दिवसाची. ती लिहायची म्हणून सकाळपासून तीनदा कॉफी केली.

संध्याकाळी लवकर जेवायला बसलो होतो. या टेबलाशी. तू ताटाला हात लावला नव्हतास. तू म्हणालास, "डॅडी, तुम्ही चिमटा कायम मागच्या कडेला लावता. काल पंचाला पुढची म्हणालात. मी ऐकलं." ओरडून नाही, हळूच म्हणालास. मला वाट करून देत होतास, हे मला आज कळतं. तुझ्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, काल पुढच्या कडेला लावला होता. तू म्हणालास, नव्हता. तेव्हा तुझ्या आईने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "कर्बी, या घरात बापाला खोटं पाडत नाहीत. माफी माग."

तू उठून उभा राहिलास. सहा फूट एक इंच उंच, सतरा वर्षांचा, कानाजवळ टाके पडलेले. म्हणालास, "सॉरी, सर." एरवी सर म्हणायचास ते काम सांगितल्यावर. त्या दिवसानंतर मला तू डॅडी म्हणाल्याचं आठवत नाही.

तू माफी मागितलीस आणि मी ती घेतली. बस, जेव, म्हणालो, आणि तुझ्या ताटात बटाटे वाढले.

सामन्याचं एक वेळ सोडून दे. तो खेळ होता. हे मात्र खेळ नव्हतं. मला माफ कर असं लिहायचा मला हक्क नाही, तरी लिहितो.

एकोणतीसला समितीची बैठक आहे. तिथे मी हे सगळं उभा राहून सांगणार आहे. दगडावर चौऱ्याण्णव कोरायला सांगणार आहे.

तुझा बाप


३० ऑक्टोबर

कर्बी,

काल सांगितलं. शाळेच्या जेवणघरात पस्तीसेक माणसं होती. मी चार पानं बाजूला ठेवली आणि कड, चिमटा, साखळी, सगळं बोललो, कॅफेतल्या माझ्या वाक्यासकट. टेबलावरचं वाक्य सांगितलं नाही, ते आपल्या घरचं आहे. वाटलं होतं, कोणीतरी उठून कानफटात मारेल. मारावी अशी इच्छाही होती.

कोणी रागावलं नाही. कर्बी, त्यांना खरंच वाटलं नाही. डॉनी रे खुर्ची मागे सारून उठला, माझ्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वेल्डन, नेल्डा गेली, घर खायला उठतं, पोरगं फिरकत नाही. म्हातारपणी माणूस पोरासाठी काय काय बोलतो. आम्हाला कळतं रे." मागून कोणीतरी म्हणालं, चार बोटं देतोच आहेस तर हॅस्किन्सकडून चार गुणही मागून घे. सगळे मायेने हसले. एका बाईने मला केक आणून दिला.

मी म्हणालो, टेप बघा. त्यांनी बघितली. टेपवर मी पंचाला काहीतरी सांगताना दिसतो, पण चिमटा मी आधी कुठल्या कडेला लावला होता ते दिसत नाही. त्याला साक्षीदार दोनच, मी आणि मला ओळखणारा तू. एक्केचाळीस वर्षं मी कधी चुकलो नाही, ही माझी ख्यातीच माझ्या आड आली. टॅकेटची साखळी चुकली, असं स्वतः टॅकेट सांगून थकला तरी गाव ऐकेना. बैल गेला आणि झोपा केला, त्यातला प्रकार.

मतं पडली. दगडावर अडुसष्ट कोरणार. 'अजिंक्य' असं खाली लिहिणार.

ओफेलियाने मात्र विश्वास ठेवला. भांडी आवरताना म्हणाली, "बेनीने त्या सामन्यानंतर कधी चेंडू हातात घेतला नाही. त्याला वाटतं की त्याने तो तुमच्या पोराला अर्धं पाऊल उशिरा दिला. मी त्याला आज फोन करू का?" मी म्हणालो, कर. इतकी वर्षं मी फक्त तुझाच हिशेब धरला होता. बेनीचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

शुक्रवारी आमच्या संघाची नावं पुकारतील तेव्हा मी मैदानावर जाणार नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. तू आलास तर फाटकाशी उभा असेन.

तुझा बाप


१२ नोव्हेंबर

कर्बी,

तू आला नाहीस. मी फाटकाशी शेवटपर्यंत होतो. आपण एक्केचाळीस विरुद्ध सहाने हरलो. चष्मेवाल्याने शेवटच्या मिनिटाला ते सहा केले आणि लोक असे ओरडले, जणू राज्यस्पर्धाच जिंकलीय. शेवटचा डाव सुरू होताना सगळ्यांनी चार बोटं वर केली. मी खिशातून हात काढला नाही. सामना संपल्यावर मुख्याध्यापकांनी साखळी मला देऊन टाकली, आता कोणाला लागणार, म्हणाले. चिमटा तिला तसाच आहे.

आणि शनिवारी तुझं कार्ड आलं. पुढच्या बाजूला होडीचं चित्र, मागे दोन ओळी. तुझं अक्षर अजून आईसारखंच आहे, उजवीकडे झुकणारं.

'वहीतला आकडा खरा. १८३९. आईला सांगितलं होतंत का?'

तीन दिवस ते कार्ड समोर ठेवून बसलोय. माझी इतकी पानं वाचून तू एकच प्रश्न विचारलास, आणि नेमका तोच, ज्याच्या आसपास मी दोन महिने फिरत होतो. खोटं बोलून झालं, आता खरं लिहितो.

नाही. सांगितलं नाही.

तिने विचारलं होतं. शेवटच्या आजारात लबकच्या इस्पितळात होती, डिसेंबरचा पहिला आठवडा. खिडकीशी उन्हात बसली होती, मांडीवर ख्रिसमसची कार्डं. तुझ्या नावाचं कार्ड हातात धरून बराच वेळ काही लिहिलं नाही. मग मला म्हणाली, "वेल्डन, एकदाच सांगा, मी पुन्हा विचारणार नाही. त्या दिवशी चिमटा कुठल्या कडेला होता? तो खरं बोलत असेल तर मी आई म्हणून त्याच्याकडून नको ते करून घेतलंय. मला हे घेऊन जायचं नाही."

ती काय मागत होती ते मला कळत होतं. तिला तुझी माफी मागायची होती. त्यासाठी तिच्याजवळ चार महिने होते.

मी म्हणालो, पुढच्या.

तिने मान हलवली. तिचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि मी स्वतःला म्हणालो, बघ, चांगलंच केलंस. मग तिने कार्डावर लिहिलं. काय लिहिलं ते तिने मला वाचून दाखवलं. 'कर्बी, मी डॅडींना पुन्हा विचारलं. ते खरं सांगतायत. आता मनातून काढून टाक आणि एकदा घरी ये.' पाकिटाला तिकीट मी लावलं. टपालात मी टाकलं.

त्या कार्डाला तू उत्तर का दिलं नाहीस, हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं. तिला नव्हतं. घरी आणल्यावर ती रोज सकाळी अकरा वाजता काठी टेकत फाटकापर्यंत जायची, पेटी उघडून बघायची आणि परत यायची. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. पुढे चालवेना तेव्हा मला पाठवायची. मी जाऊन रिकामी पेटी बघून यायचो आणि ती दारातच विचारायची, आलं का काही?

मी म्हणायचो, मेनचं टपाल हळू येतं, नेल्डा.

डॅडी